लॅबमधलं असाइनमेंट जमा करायचं डेस्कटॉप सॉफ्टवेअर काढून ब्राउझर ॲप आणायचं आहे, काय काय सांभाळावं लागेल?

प्रश्नावरून कळलं ते असं: धुळ्याच्या एका कॉलेजात बीसीएच्या लॅबमध्ये व्हीबी डॉट नेटचं जुनं सॉफ्टवेअर चालतं. मुलं पीआरएन (विद्यापीठाचा कायम नोंदणी क्रमांक) टाकतात, प्रोजेक्टचं फोल्डर निवडतात, बटण दाबलं की ते सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये कॉपी होतं. आता हेच ब्राउझरमधून आणि घरूनही व्हायला हवं, पीएचपी या सर्व्हरवर चालणाऱ्या भाषेत.

आधी एक सांगतो. फाइल घेणं, मुदत, गुण आणि शेरा एवढंच हवं असेल तर नवं काही लिहू नका, मूडल हे अभ्यासक्रम चालवायचं तयार वेब सॉफ्टवेअर बसवा. फुकट आहे, आणि त्यात दिलेली तारीख व शेवटची बंद तारीख अशा दोन वेगळ्या मुदती ठेवता येतात. तेही पीएचपीतच असल्यामुळे खालचं बरंचसं त्यालाही लागू आहे.

जुनं काढायचं खरं कारण घरून जमा करता येत नाही हे नव्हेच. लॅबमधल्या प्रत्येक पीसीला त्या शेअरवर लिहायची परवानगी असते, म्हणजे कोणीही दुसऱ्याचं फोल्डर उघडून कॉपी करू शकतं किंवा उडवू शकतं. वर डेटाबेसचा पासवर्ड बहुतेक वेळा कॉन्फिग फाइलमध्ये उघडाच पडलेला असतो.

आता गोची होते तिथे येऊ. जुनं सॉफ्टवेअर डिस्कवरून थेट वाचत होतं, ब्राउझरला तशी मुभा नाही. संगणकावरच्या क्रोममध्ये अख्खं फोल्डर निवडायची सोय आहे, पण मोबाइलवर तिच्या भरवशावर राहू नका, तिथे झिपच मागा. फोल्डर घेतलंत तर पीएचपी एका विनंतीत मुळात २० फाइलीच स्वीकारतं. जावा प्रोजेक्टमध्ये ३५ फाइली असल्या तर उरलेल्या १५ गळतात, आणि मुलाला मात्र ‘यशस्वी’ दिसतं. म्हणून पाठवताना फाइलींची संख्या सोबत पाठवा आणि सर्व्हरवर मोजून ताडून बघा. बिन, ओबीजे, क्लास अशा कंपायलरने तयार केलेल्या फाइली ब्राउझरमध्येच गाळा, निम्मा बोजा तिथेच उतरतो.

मर्यादांचं तसंच. पीएचपीत एका फाइलला २ एमबी, अख्ख्या विनंतीला ८ एमबी, आणि पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर असेल तर त्याची स्वतःची १ एमबी, या मुळातल्या मर्यादा. एनजिनएक्स निदान ४१३ (विनंती फार मोठी) एरर तरी दाखवतं. पीएचपीची ८ एमबी ओलांडली की फॉर्ममधलं सगळंच रिकामं पोहोचतं, आणि तुमचा कोड विद्यार्थ्याला सांगतो, ‘पीआरएन टाका’. तो पुन्हा टाकतो, पुन्हा तेच. तिन्ही आकडे एकत्र वाढवा, आणि विनंतीचा आकार मर्यादेपेक्षा मोठा आहे का हे फॉर्म तपासण्याआधी बघा.

घरून जमा करणारी मुलं धडगाव-अक्कलकुव्याकडची असतील तर डोंगरात रेंज येते-जाते, इकडे शिरपूर-चोपड्याच्या खेड्यात लाइट गेली की वायफाय बंद. १५ एमबीची फाइल एका दमात पाठवायला लावलीत तर १४ वर तुटून पहिल्यापासून सुरू. फाइलचे ५१२ केबीचे तुकडे करा. सर्व्हरने किती बाइट आले ते लक्षात ठेवावं आणि जोडणी परत आली की तिथून पुढे घ्यावं. टस नावाचा प्रोटोकॉल याचसाठी आहे, त्याची तयार लायब्ररी वापरा. पान रिफ्रेश झालं तर ब्राउझर फाइल आपणहून परत उघडू शकत नाही, मुलाला तीच फाइल पुन्हा निवडायला सांगा आणि नाव, आकार, बदलाची वेळ जुळली तर पुढे चालू करा.

पोचपावती मात्र शेवटचा तुकडा लिहून झाल्यावर आणि पूर्ण फाइलचा शा-२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) ब्राउझर आणि सर्व्हर दोन्हीकडे जुळल्यावरच द्या, त्यात सर्व्हरची वेळ छापा. इथे एक फास आहे: हॅश काढायची ब्राउझरची स्वतःची सोय फक्त एचटीटीपीएसवर (सुरक्षित जोडणीवर) किंवा लोकलहोस्टवर, म्हणजे सर्व्हर त्याच मशीनवर असेल तरच चालते. तुमच्या मशीनवर लोकलहोस्टवर सगळं गोड चालेल आणि लॅबमधून साध्या एचटीटीपीने सर्व्हरचा १९२.१६८ वाला आतला, म्हणजे खाजगी आयपी पत्ता उघडला की बंद. एचटीटीपीएसला लागणारं प्रमाणपत्र फुकट देणारी लेट्स एन्क्रिप्ट संस्था ते खाजगी आयपीला देत नाही. स्वतःचं डोमेन घ्या, डीएनएसमधून (नावावरून आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) पडताळणी करा आणि लॅबच्या डीएनएसमध्ये ते नाव आतल्या सर्व्हरकडे वळवा. इंटरनेट बंद असलं तरी लॅबमध्ये काम चालू राहतं.

एचटीटीपीएस आलं की लॅबमधल्या जुन्या पीसींचे मदरबोर्डवरचे सेल तपासा. सेल मेला की लाइट जाऊन आल्यावर तारीख मागे कुठल्यातरी वर्षात जाते आणि क्रोम घड्याळ चुकल्याचं सांगून पान उघडूच देत नाही. जुन्या सॉफ्टवेअरला याचं काही पडलेलं नव्हतं. सीआर२०३२ चा सेल स्वस्तात येतो, सगळीकडे एकदम बदला. पीसींवर विंडोज ७ असेल तर क्रोम १०९ च्या पुढे जात नाही. सीएसएसचं (पानाची मांडणी ठरवणाऱ्या भाषेचं) नेस्टिंग, म्हणजे एका नियमात दुसरा नियम लिहिणं, क्रोम ११२ पासून आलं, म्हणजे तुमच्या लॅपटॉपवर छान दिसणारं पान तिथे विस्कटेल. चाचणी त्याच पीसींवर करा.

लॉगिनला चुकीच्या प्रयत्नांची मर्यादा आयपीवर लावू नका. सर्व्हर बाहेर होस्टिंगवर असेल तर अख्खी लॅब त्याला एकाच आयपीवरून दिसते, चार मुलं पासवर्ड चुकली की सगळा वर्ग अडकतो. मर्यादा पीआरएनवर ठेवा. लॅबचे पीसी सामायिक असतात, म्हणून १० मिनिटं हालचाल नसली की लॉगआउट.

फाइल साठवताना मुलाने दिलेलं नाव वापरू नका. स्वतः तयार केलेल्या नावाने, वेबच्या फोल्डरबाहेर ठेवा आणि मूळ नाव डेटाबेसमध्ये. नाहीतर कोणीतरी पीएचपी फाइल ‘असाइनमेंट’ म्हणून चढवून ती चालवून दाखवेल, बीसीएच्या वर्गात असा एक तरी असतोच.

बदल सत्राच्या मधे करू नका. पहिली एक-दोन असाइनमेंट दोन्हीकडे घ्या आणि संख्या जुळवा. मग शेअर्ड फोल्डर फक्त वाचण्यापुरतं ठेवा आणि डेस्कटॉपवरच्या जुन्या आयकॉनला नव्या पत्त्याचा शॉर्टकट जोडा. नुसतं ‘आता हे वापरायचं नाही’ सांगून भागत नाही, मुलं सवयीने तोच आयकॉन दाबतात आणि कॉपी जुन्या जागी जात राहते.