आधी बॅटरीचं अर्थ तपासा, अल्टरनेटर मागाहून

भाऊ, तुमचं दुखणं थोडक्यात असं: वडिलांचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर, त्यावर बॅटरी चार्ज करायला डायनामो. दोन वर्षांत दोन बॅटऱ्या गेल्या, सकाळी सेल्फ मारला की नुसतं 'कट्' वाजतं. मिस्त्री म्हणतो, डायनामो भंगारात टाका, त्याच्या जागी नव्या जमान्याचा अल्टरनेटर लावा, सगळं मिटते. वरून संत्र्याच्या दिवसांत रात्री ट्रॉली कळमन्याच्या बाजारात न्यायची असते, म्हणून लाइटही तगडे पाहिजेत.

मिस्त्री काही खोटं सांगत नाही, पण त्यानं शेवटचं काम पहिलं धरलं आहे. मीही तेच केलं होतं. आमच्या ट्रॅक्टरची बॅटरी रोज रात्री बसायची. नवी आणली, तीही पंधरा दिवसांत बसली. एकदा नांगरटीवरून आलो, जेवलो आणि तासाभरानं सहज बोनेटखाली हात घातला. इंजिन कोमट झालं होतं, डायनामो मात्र चटका देत होता. बंद ट्रॅक्टरचा डायनामो गरम कशानं राहील? कटआउटचे पॉइंट चिकटले होते. इंजिन बंद झालं की कटआउटनं डायनामो बॅटरीपासून तोडायचा असतो. तो तोडत नव्हता, म्हणून बॅटरी उलटी डायनामोला करंट पाजत बसायची. बिचाऱ्या दोन्ही बॅटऱ्या निर्दोष होत्या.

तर पहिलं काम गळती शोधायचं. रात्री सगळे स्विच बंद करून बॅटरीची अर्थची (म्हणजे बॉडीला जोडलेली) केबल सोडा आणि केबल व बॅटरीच्या मधे टेस्टरचा साधा बारा व्होल्टचा बल्ब धरा. पेटला तर कुठंतरी गळतंय. मग कटआउटवरची बॅटरीकडून येणारी वायर काढा. बल्ब विझला तर चोर कटआउट, नाही तर वायरिंगमध्ये शोधा. बल्बच्या जागी मल्टिमीटर अँपिअरवर ठेवून सेल्फ मात्र चुकूनही मारू नका. सेल्फ दोनशे-तीनशे अँपिअर ओढतो आणि आपला मीटर दहाचा, तो जागीच जाईल.

दुसरं काम अर्थचं, आणि माझ्या मते अर्ध्याहून जास्त जुन्या ट्रॅक्टरांचं दुखणं इथंच असतं. बॅटरीची अर्थ केबल बहुतेक वेळा गंजक्या पत्र्याला किंवा रंगावरच बोल्ट मारून लावलेली असते. बल्ब लागतात, हॉर्न वाजतो, म्हणून माणूस समजतो अर्थ ठीक आहे. पण बल्बला चार अँपिअर पुरतात, सेल्फला दोनशेच्या वर लागतात. हे असं तपासा: गिअर न्यूट्रल, स्टॉपर ओढून ठेवा म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर. एक काडी बॅटरीच्या अर्थ बाजूच्या शिशाच्या खुंटीवर (केबलच्या टर्मिनलवर नाही, थेट खुंटीवर), दुसरी इंजिनच्या उघड्या बोल्टवर. पोराला सेल्फ मारायला सांगा. ०.२-०.३ व्होल्ट दाखवले तर ठीक. अर्धा व्होल्ट किंवा वर गेला, तर तेवढी ताकद सेल्फपर्यंत पोचतच नाही. त्याच वेळी बॅटरीच्या दोन खुंट्यांमधला व्होल्टेजही बघा. सेल्फ फिरताना तो ९.६ च्या खाली जात असेल तर बॅटरीच अशक्त.

इलाज स्वस्त आहे. अर्थचा बोल्ट काढून खालचा भाग पॉलिश पेपरनं चकचकीत होईपर्यंत घासा. केबल पत्र्याला नको, थेट इंजिन ब्लॉकला किंवा सेल्फच्या बोल्टला. थिंबल (केबलच्या टोकाची धातूची टोपी) दाबलेली हवी, तारा पिळून बोल्टखाली दडपलेल्या नकोत. जोड पक्का झाल्यावर वरून व्हॅसलीन. खुंट्यांवर पांढरं-हिरवं साठलं असेल तर खायचा सोडा पाण्यात घालून धुवा, पण ते पाणी बॅटरीच्या भोकांत जाऊ देऊ नका.

हे दोन्ही झाल्यावर महिनाभर चालवून पाहा. ट्रॅक्टर फक्त दिवसा वखर-पेरणीला लागत असेल तर पुढं काही करायची गरजच पडणार नाही. अशा जुन्या डिझेल इंजिनाला चालत राहायला वीज लागत नाही. वीज फक्त सेल्फ, लाइट आणि हॉर्नला. चांगला डायनामो तेवढं आरामात करतो.

तुमचं मात्र रात्रीचं काम आहे, म्हणून हिशेब सांगतो. जुना लुकास कंपनीच्या पद्धतीचा डायनामो चांगल्या फेऱ्यांवर जास्तीत जास्त वीस-बावीस अँपिअर देतो, आणि हळू चाललं की जवळपास काहीच नाही. ५५ वॅटचे दोन हेडलाइट सव्वानऊ अँपिअरच्या आसपास खातात, त्यात ट्रॉलीचे दिवे, मागचा नांगराचा लाइट. वाडीच्या गेटवर अर्धा तास इंजिन मंद ठेवून लाइट लावून उभे राहिलात की सगळा खर्च बॅटरीतून. अल्टरनेटर मंद इंजिनावरही चार्ज करतो. तुम्हाला पस्तीस अँपिअरवाला पुष्कळ झाला. मोठ्याच्या मागे लागू नका.

लावायच्या आधी एक गोष्ट डोळ्यांनी बघा: बॅटरीची कोणती खुंटी बॉडीला आहे? इंग्लंडच्या जुन्या डिझाइनच्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह अर्थ सर्रास असायचं. अल्टरनेटरला निगेटिव्ह अर्थ लागतं, उलटं जोडलं की त्यातले डायोड (करंट एकाच दिशेनं जाऊ देणारे भाग) क्षणात गेले. अर्थ बदलायचं तर बॅटरी फिरवा आणि अँपिअर मीटरच्या दोन वायरी अदलाबदल करा. सेल्फची काळजी नको, जुना कॉइलवाला सेल्फ दोन्हीकडून सारखाच फिरतो.

कटआउट पूर्ण बाहेर काढा. अल्टरनेटरची जाड वायर नवी ओढा, निदान ६ चौरस मिलिमीटरची, बॅटरीजवळ फ्यूज लावून. डायनामोची जुनी वायर पस्तीस अँपिअरच्या लायकीची नसते. तीसचा जुना अँपिअर मीटरही त्या वाटेत ठेवू नका, त्याऐवजी व्होल्टमीटर लावा. चार्जिंगचा लाल बल्ब मात्र फेकू नका. बऱ्याच अल्टरनेटरला सुरुवातीचा थोडा करंट त्याच बल्बातून मिळतो. बल्ब उडालेला असला की अल्टरनेटर चार्ज करत नाही, आणि लोक चांगला अल्टरनेटर बदलत बसतात.

पट्ट्याच्या दोन्ही पुली एका रेषेत हव्यात. ब्रॅकेटमागे वॉशर घालून जमवावं लागतं. अंगठ्यानं दाबला की अर्धा इंच दबावा, जास्त ताणला तर बेअरिंग खातो. चालू केल्यावर बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट यायला पाहिजे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर (व्होल्टेज आवरणारा भाग) बिघडला समजा.

इंजिन चालू असताना बॅटरीची केबल काढून 'चार्ज होते का' बघायची जी खोड आहे ना, ती डायनामोच्या जमान्यातली. अल्टरनेटरवर ती केली तर रेग्युलेटर किंवा डायोड जाऊ शकतात. आणि वेल्डिंग! ट्रॉलीचा हुक जोडताना बॅटरीच्या दोन्ही केबल आणि अल्टरनेटरची वायर सोडा. मी नाही सोडली, आणि एका हुकापायी अल्टरनेटर घालवला.

लाइटला रिले (जास्त करंट स्वतः झेलणारा वेगळा स्विच) लावा, म्हणजे डॅशचा स्विच जळणार नाही. फ्यूज वायरच्या जाडीप्रमाणे असतो, बल्बप्रमाणे नाही. कापसाची ट्रॉली ओढणाऱ्यानं हे विसरू नये, एक ठिणगी पुरते. वायरी पन्हाळीच्या प्लॅस्टिक पाइपात घाला, उंदीर सोडत नाहीत. एलईडी बार हवा तर वेगळ्या स्विचवर, फक्त शेतात. अमरावती रोडवर समोरच्याचे डोळे दिपवण्यापेक्षा ट्रॉलीच्या मागचे लाल दिवे आणि रिफ्लेक्टर आधी नीट करा, बाप्पा.

आणि आपल्या नागपूरच्या मे महिन्यात दर पंधरा दिवसांनी बॅटरीचं पाणी बघायचं. प्लेटा उघड्या पडल्या की नव्या अल्टरनेटरवरही बॅटरी टिकणार नाही. पाणी डिस्टिल्डच, विहिरीचं नाही. बॅटरीचा पट्टा घट्ट आवळा, ढेकळांचे धक्के तिला आतून तोडतात.

आधी तीन आकडे टाका इथं: रात्रभर उभ्या बॅटरीचा व्होल्टेज, सेल्फ मारतानाचा, आणि ती अर्थची चाचणी. अल्टरनेटर घ्यायचा की नाही ते त्यावरून ठरवू.