आरव्हीने फिरताना सांता फेला अर्धाच दिवस मिळतोय, थांबावं का?

तुम्ही म्हणताय की ग्रँड कॅनियनला जाताना न्यू मेक्सिकोत सांता फेसाठी फक्त अर्धा दिवस आहे आणि सोबत मोठी आरव्ही, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी आहे. थांबाच, पण ती गाडी प्लाझाच्या, म्हणजे गावातल्या मुख्य चौकाच्या, गल्ल्यांमधे घालू नका, रस्ते जुने आणि अरुंद आहेत, पार्किंग शोधण्यातच निम्मा वेळ जाईल. आम्ही आरव्ही आल्बुकर्कच्या कॅम्पग्राउंडवरच ठेवली आणि सकाळच्या रेल रनर ट्रेनने आलो, साधारण दीड तास लागतो आणि सांता फेच्या स्टेशनपासून प्लाझापर्यंत आरामात चालत जाता येतं. वीकेंडला गाड्या कमी असतात, टाइमटेबल बघूनच निघा.

माझं ऐकाल तर सगळ्यात जास्त वेळ प्लाझावरच्या पॅलेस ऑफ द गव्हर्नर्सच्या, म्हणजे जुन्या स्पॅनिश गव्हर्नरांच्या वाड्याच्या, व्हरांड्यात द्या. स्पॅनिश लोकांनी गाव वसवलं 1610 ला आणि ही इमारतही त्याच काळातली, मातीच्या विटांची, सपाट छप्पर आणि लाकडी तुळया, आपल्या देशावरच्या धाब्याच्या घरांसारखी. 1680 मधे इथल्या मूळनिवासी पुएब्लो लोकांनी पोपे नावाच्या पुढाऱ्याच्या मागे एकत्र येऊन स्पॅनिश लोकांना हाकलून लावलं, 12 वर्षं गाव त्यांच्याच ताब्यात होतं, या पॅलेसमधे ते स्वतः राहायला आले होते. आणि आज त्याच व्हरांड्यात पुएब्लो आणि नावाहो (हेही इथले मूळनिवासी) कारागीर चादर अंथरून चांदीचे, फिरोजाचे दागिने, मातीची भांडी विकायला बसतात. तिथे विकायचं तर माल स्वतः किंवा घरच्यांनीच बनवलेला लागतो असा नियम आहे, म्हणून आजूबाजूच्या दुकानांपेक्षा इथेच घ्या. दागिन्यावर बनवणाऱ्याची खूण असते, तिच्याबद्दल विचारा, लोक छान बोलतात. फोटो मात्र विचारल्याशिवाय काढू नका.

मग सेंट फ्रान्सिस कॅथेड्रल आणि लोरेटो चॅपेल, दोन्ही अगदी जवळ. लोरेटोला तिकीट आहे पण मधे खांब नसलेला तो गोल लाकडी जिना दोन पूर्ण वेढे घेत वर जातो, बघण्यासारखा आहे. कॅन्यन रोडच्या गॅलऱ्या या खेपेला सोडा, अर्ध्या दिवसात नुसती पळापळ होते.

जेवताना "रेड ऑर ग्रीन?" विचारतील, म्हणजे कुठली मिरचीची ग्रेव्ही, दोन्ही हव्या असतील तर "ख्रिसमस" म्हणायचं. शाकाहारी असाल तर आधी विचारा, ग्रीनमधे बऱ्याचदा पोर्क असतं. गाव 7,000 फुटांवर आहे, चढावर दम लागतो, पाणी पीत राहा, आणि जुलै-ऑगस्ट असेल तर दुपारनंतर विजांचा पाऊस येतो म्हणून बाहेरचं फिरणं सकाळीच उरकून घ्या.