यवतमाळमध्ये मक्त्याने शेती करतो, मला पीएम किसानचे पैसे मिळतील का?

नाही, मक्त्याने किंवा बटईने कसणाऱ्याला पीएम किसान मिळत नाही; वर्षाचे ६,००० रुपये, २,००० च्या तीन हप्त्यांत, सातबाऱ्यावर नाव असलेल्याच्याच खात्यात येतात. योजनेच्या नियमांत लाभार्थी म्हणजे जमीनधारक कुटुंब. मालक पुण्यात राहत असला तरी तोच पात्र, फक्त तो आयकर भरणारा किंवा सरकारी नोकरदारांसारख्या वगळलेल्या गटातला नको. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचे पैसेही पीएम किसानच्या लाभार्थ्यांनाच जातात. कृषी केंद्राची उधारी अंगावर घेऊन कपाशी पेरणारा माणूस दोन्हीकडून वगळला जातो, हा सरळ अन्याय आहे. पीक विम्याचं मात्र वेगळं आहे: नोंदणीकृत भाडेकरार जोडला तर तुमच्या नावाने अर्ज करता येतो. तोंडी व्यवहार तिथे चालत नाही, त्यामुळे पेरणीआधीच मालकाशी बोलून करार नोंदवून घ्या.