सततचा थकवा असताना पूर्णवेळ नोकरी कशी निभावता?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वय एकतीस, धायरीहून हिंजवडी फेज थ्रीला दुचाकीने ये-जा, दीड वर्षापूर्वी ताप आला त्यानंतर थकवा जो चिकटला तो सुटत नाही, आणि डोक्यात धुकं भरल्यासारखं होतं. रिपोर्ट ‘नॉर्मल’. घरचे म्हणतात जिम लाव. आणि आता ऑफिसने पाचही दिवस बोलावलंय, तर नोकरी सोडू की रेटू?

मी आयटीतली नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघते, राहते कोथरूडला. 2021 च्या दुसऱ्या लाटेत कोविड झाला, तेव्हापासून हे दुखणं माझ्याकडे मुक्कामाला आहे. डॉक्टरांनी त्याला क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे एमई/सीएफएस म्हटलंय. नोकरी चालू आहे, पूर्णवेळ. पण मनाचा हिय्या केला की सगळं जमतं, असलं काही मी सांगणार नाहीये.

आधी फाइल उघडून बघा, ‘सगळं नॉर्मल’ म्हणजे नक्की काय काय तपासलंय. बऱ्याचदा सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि थायरॉइडवरच गाडी थांबलेली असते. हिमोग्लोबिन ठीक असूनही फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तळाला गेलेलं असू शकतं. शाकाहारी असाल तर बी-12 बघाच. व्हिटॅमिन डी, साखर, लिव्हर, किडनी, ईएसआर (अंगातली सूज दाखवणारी तपासणी) हेही. घोरत असाल तर स्लीप स्टडी करून घ्या. रात्रभर श्वास अडकत असेल तर दिवसा अंगात काही उरत नाही, आणि त्याला उपाय आहे. यातलं काही सापडलं तर सुटलात, पुढचं वाचायची गरज नाही.

नाही सापडलं तर एक गोष्ट तुमची तुम्हालाच तपासावी लागेल: कोसळता केव्हा? साधी दमणूक काम केल्यावर लगेच येते आणि झोपलं की उतरते. या आजारात श्रम आज होतात आणि वसुली उद्या-परवा होते, साधारण 12 ते 48 तासांनी, तीही व्याजासकट. आणि श्रम म्हणजे नुसते अंगाचे नाहीत. दोन तासांची डोकं खाणारी मीटिंगसुद्धा त्यात धरायची. 2015 साली अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने निदानाचे निकष मांडले, त्यात सहा महिन्यांहून जास्त काळ कामाची क्षमता घटलेली असणं, झोपूनही ताजंतवानं न वाटणं, आणि हे श्रमानंतरचं कोसळणं, या तिन्ही गोष्टी आवश्यक धरल्यात. त्याच्या जोडीला डोकं न चालणं किंवा उभं राहिल्यावर त्रास होणं, यापैकी एक तरी हवं. तेव्हा काही आठवडे वहीत रोज दोन ओळी लिहा, आज काय केलं आणि आज कसं वाटतंय. मग रविवारची सिंहगडची चढाई आणि मंगळवारची सुट्टी यांचा संबंध आपोआप दिसायला लागतो.

असं असेल तर जिमचं तूर्त विसरा. उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने 2021 मध्ये ठरावीक टप्प्यांनी व्यायाम वाढवत नेण्याचा जुना सल्ला या आजारापुरता काढून टाकला, आणि आहे तेवढ्या शक्तीत दिवस बसवायला सांगितलं. घरच्यांची तोंडं बंद करायला हा संदर्भ बरा पडतो. (सासूबाई तरीही मधूनमधून ‘दिसतेस तर चांगली ठणठणीत’ म्हणतातच. चालायचंच.)

आता कामाचं. अकाउंट्समध्ये महिन्याला चार खांब असतात: 7 ला टीडीएस (कापलेला आयकर) भरणे, 11 ला विक्रीचं जीएसटी रिटर्न जीएसटीआर-1, 15 ला पीएफ, 20 ला कर भरायचं जीएसटी रिटर्न 3बी. मी माझा सगळा महिना या तारखांभोवती बांधलाय. 18 पासून संध्याकाळी कुठेही जायचं नाही, मग ते सख्ख्या मावसबहिणीचं केळवण का असेना. 20 ला पोर्टल रडत असलं तरी मला रडायला लागू नये म्हणून माझं 3बी एक-दोन दिवस आधीच तयार असतं. आणि 21-22 ला आपण झोपणार आहोत हे धरूनच चालते. साहेबांकडे गेले तेव्हा आजाराचं पुराण लावलं नाही. एवढंच म्हटलं, ‘सर, रिटर्न कधीच लेट जाणार नाही, फक्त 21-22 ला मला घरून काम द्या. व्हाउचर तपासायचं काम मी त्या दिवसांसाठी बाजूला ठेवते.’ तुमचे मॅनेजर कसे आहेत मला माहीत नाही, पण ‘मला फार थकवा येतो’ याला कुणाकडेच उत्तर नसतं, आणि ‘बुधवारी घरून करू दे, रिलीज शुक्रवारी वेळेत देतो’ याला हो किंवा नाही म्हणता येतं. माझी जशी 20 तारीख, तशा तुमच्या कामातल्या न चुकवता येणाऱ्या तारखा कोणत्या, ते आधी शोधा. डॉक्टरांचं पत्र न्याच, त्यातही ‘विश्रांतीची गरज’ असं मोघम न लिहिता आठवड्यातून किती दिवस घरून, सलग किती तास, असं स्पष्ट लिहून मागा.

डोक्यातल्या धुक्याबद्दल तुम्ही विचारलंय. माझ्या धंद्यात ते फार लवकर उघडं पडतं. 54,600 चे 45,600 लिहिले जातात. जुन्या मुनीमांची एक क्लृप्ती आहे: ट्रायल बॅलन्स (जमा-नावेचा ताळा) जुळेना आणि फरकाला 9 ने पूर्ण भाग जात असेल तर कुठेतरी शेजारचे दोन आकडे उलटे पडलेत का बघा. ही क्लृप्ती मला आता इतकी लागते की कॅल्क्युलेटरवर 9 चा आकडा पुसट झालाय. म्हणून बँक रिकन्सिलिएशन (बँकेचं स्टेटमेंट आणि आपली वही जुळवणं) यासारखं डोक्याचं काम सकाळी अकराच्या आत, आणि फाइलिंग, फोन, पार्ट्यांना स्टेटमेंट पाठवणं दुपारी. जेवणानंतर रेकॉर्ड रूममध्ये जुन्या व्हाउचरच्या खोक्यांवर पाय टाकून वीस मिनिटं डोळे मिटते. मोबाइल बाहेर. झोप लागत नाही, लागायचीही गरज नाही. मुख्य म्हणजे ही विश्रांती दमल्यावर घ्यायची नसते, बरं वाटत असतानाच घ्यायची असते. सहकाऱ्यांना हे विचित्र वाटतं, वाटू दे.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात जास्त खटकली ती दुचाकी. धायरी ते हिंजवडी फेज थ्री म्हणजे वारजे, चांदणी चौक, मग वाकडच्या पुलाखालची गर्दी. ऑफिसात कार्ड पंच करेपर्यंत तुमचा अर्धा दिवस संपलेला असतो. कंपनीची बस असेल तर ती घ्या, वेळ जास्त लागला तरी. मागे बसून डोळे मिटता येतात हा फायदा दुचाकीच्या वाचलेल्या अर्ध्या तासाहून मोठा आहे. सकाळी सातला पोचून चारला निघायची परवानगी मिळाली तर तीही मागा. भाडं परवडत असेल तर वाकड-ताथवड्याकडे राहायला जाण्याचा विचार नोकरी सोडण्याच्या आधी करा. मी वनाजला मेट्रोत बसते, सिव्हिल कोर्टला बदलून नाशिक फाट्याला उतरते आणि तिथून रिक्षा. सिव्हिल कोर्टचं खालचं स्टेशन शंभर फुटांहून खोल आहे, तिथे सरकता जिना बंद असला तरी पायऱ्यांच्या वाटेला जायचं नाही, लिफ्टची रांग कितीही असो.

उभं राहिल्यावर गरगरत असेल तर आडवं असताना नाडी मोजा, मग उभं राहून दहा मिनिटांत ती मिनिटाला 30 ठोक्यांहून जास्त वाढते का बघा. वाढत असेल तर तो आकडा डॉक्टरांना सांगा, त्याची वेगळी औषधं असतात. तोवर बसून करता येईल ते सगळं बसून करा. मी फोडणीसुद्धा स्टुलावर बसून देते, पोळ्यांना बाई आहेत. गोंगाटही शक्ती खातो, हे मला आधी पटायचं नाही. गणपतीच्या आधी म्हात्रे पुलाकडे ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की कानात बोळे घालून घरी येते, विसर्जनाला सरळ वाईला जाते.

रजेचं गणित आत्ताच करा. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला 8 नैमित्तिक रजा आहेत, आणि अर्जित रजा 45 पर्यंत साठवता येते. ती साठवा, लग्नांवर उधळू नका. वाचणाऱ्यांपैकी कुणाचा पगार महिना 21,000 च्या आत असून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात असेल, तर अटी पूर्ण केल्यास आजारपणात वर्षाला 91 दिवसांपर्यंत 70 टक्के वेतन मिळतं. कित्येकांना हे ठाऊकच नसतं. दिव्यांग हक्क कायद्याच्या 21 प्रकारांच्या यादीत मात्र या आजाराचं नाव नाही, त्यामुळे त्या दाखल्याच्या भरवशावर राहू नका.

सोडू की रेटू, यावर माझं मत: आधी प्रवास तोडा, मग तास, आणि नोकरी सगळ्यात शेवटी. पण रेटत राहू नका. या आजाराच्या किमान चौथ्या हिश्शाच्या रुग्णांना कधी ना कधी घरात किंवा अंथरुणातच अडकून पडावं लागतं, तेव्हा पूर्णवेळ काम न जमणं हा कमकुवतपणा नव्हे. शनिवार-रविवार आडवं पडूनही प्रत्येक सोमवार आधीच्या सोमवारहून वाईट उगवत असेल, तर अंग संप करायच्या आत लांब रजा घ्या, बिनपगारी असली तरी. मात्र अर्ज देण्याआधी एचआरला एकच प्रश्न विचारा, बिनपगारी रजेत ग्रुप इन्शुरन्स चालू राहतो का, आणि त्याचं उत्तर तोंडी न घेता मेलवर घ्या.