ढीग तापतच नाही, मग खत कसं होणार?

प्रश्न : मक्याची ताटं, गव्हाचं काड आणि शेण यांचा ढीग रचून दोन महिने झाले. वरून काळा दिसतो, आत मात्र ताटं जशीच्या तशी आहेत. शेण कमी पडलं का?

उत्तर : कमी पडलंही असेल, पण आधी पाणी तपासा. ढिगात हातभर खोल राखेसारखी पांढरट भुकटी दिसली, तर आतला माल कोरडा पडलाय. सुक्या काडावर वरून ओतलेलं पाणी बाजूंनी निथळून जातं, आत मुरत नाही. तेव्हा ढीग मोडा आणि पुन्हा रचा.

ताटं चार बोटं लांबीची तोडा. अख्ख्या ताटाचं टणक साल जिवाणूंना सहजी फुटत नाही. घमेल्याच्या मापाने तीन भाग तोडलेलं काड आणि एक भाग ताजं शेण घ्या. काडात नत्राच्या (नायट्रोजनच्या) 60 ते 100 पट कर्ब (कार्बन) असतो, शेणात 20 पटींच्या आसपास, आणि जिवाणूंना मानवतो 25 ते 30 पट. म्हणून हिरवं गवत मिळालं तर तेही घाला. प्रत्येक थर रचतानाच भिजवा. मूठभर माल पिळल्यावर एखाद-दोन थेंब गळावेत. धार लागली तर पाणी जास्त झालं. रुंदी दीड मीटर, उंची सव्वा ते दीड मीटर ठेवा. ढीग लहान असला की ऊब टिकत नाही.

दोन-तीन दिवसांनी लोखंडी सळई मधोमध खुपसून दहा मिनिटांनी काढा. हातात धरवत नसेल तर काम सुरू आहे. 55 ते 65 अंश उत्तम. 70 च्या वर गेला की लगेच पालटा. एरवी ऊब उतरू लागली की पालटायचं, साधारण दहा दिवसांनी. नाकाला झोंबणारा वास आला तर नत्र जास्त, काड घाला. सडका वास म्हणजे हवा कोंडलीय.

प्रश्न : खत टाकलं आणि रानभर तण उगवलं!

उत्तर : ढिगाची बाहेरची वीतभर साल तापत नाही, बी तिथेच जगतं. पालटताना बाहेरचं आत गेलंच पाहिजे. निदान तीनदा पालटा, आणि दर खेपेला मधला भाग तीन दिवस तरी 55 अंशांवर राहू द्या.

प्रश्न : खत तयार झालं हे कसं ओळखावं?

उत्तर : नुसत्या काळ्या रंगावर जाऊ नका. ओलसर मूठभर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास यावा. आंबूस आला तर महिनाभर थांबा. कच्चं खत जमिनीतलंच नत्र ओढून घेतं आणि पीक पिवळं पडतं.