बाई, बर्फात शाळा भरते का?

दिवाळी अंकात मी माझ्या नातीच्या शाळेवर दीड पान लिहिलं होतं. लेक-जावई अमेरिकेत विस्कॉन्सिनला असतेत, मागच्या हिवाळ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी मी तिथंच होते, आणि नात जाते ती चर्चला चिकटून असलेली एक छोटीशी ल्यूथरन शाळा, एवढंच सांगितलं होतं. त्यावर एवढे प्रश्न आलेत की संपादक म्हणाले, बाई ह्या महिन्याचं सदर ह्यालाच देऊन टाका. देते. सासू-सुनांचे प्रश्न पुढच्या महिन्यात, तोवर जरा दमानं घ्या.

बाई, ल्यूथरन म्हणजे त्या मार्टिन ल्यूथर किंगचा पंथ का? आणि आपल्या मराठवाड्यात अशी शाळा आहे का?
*– एक वाचक, उदगीर*

नाही हो, पण हा घोटाळा माझाही होता, नातीनं हसून हसून दुरुस्त केला. पंथ जर्मनीतल्या मार्टिन ल्यूथरचा. 31 ऑक्टोबर 1517 ला विटेनबर्ग गावात त्यांनी 95 मुद्दे मांडले, पैसे घेऊन पापाची शिक्षा माफ करायची चिठ्ठी विकता कशी, हा त्यातला मुख्य सवाल. अमेरिकेतले किंग बाप्टिस्ट, म्हणजे वेगळ्याच पंथाचे. त्यांचं नाव आधी मायकल होतं, वडील 1934 ला जर्मनीला जाऊन आले आणि मग त्यांनी स्वतःचं आणि पोराचं दोघांचंही नाव बदलून ल्यूथरच्या नावावर ठेवलं.

शाळेचं वेड मात्र पहिल्यापासूनचं. 1524 मधे ल्यूथरनी शहराच्या कारभाऱ्यांना पत्र लिहून सांगितलं की शाळा काढा, पोरींसाठी पण काढा. 1529 ला लेकरांना धर्म शिकवायला छोटं प्रश्नोत्तराचं पुस्तक केलं, ते नातीच्या दप्तरात अजून आहे, म्हणजे बघा, प्रश्नोत्तराचं सदर मी काही नवीन काढलेलं नाही. पुढं जर्मन लोक पोटापाण्यासाठी विस्कॉन्सिनकडं गेले तेव्हा चर्चबरोबर शाळाही बांधत गेले, आपले लोक पुण्याला जाऊन गावाकडच्या लोकांचं मंडळ काढतेत तसं.

आपल्याकडं म्हणाल तर मराठवाड्यात जालन्याला जुनं मिशन होतं, नारायण शेषाद्रींचं, पण ते स्कॉटलंडवाल्यांचं, ल्यूथरन नव्हे. ल्यूथरन भारतात आले 1706 मधे, तमिळ मुलखात तरंगमबाडीला, तिथं 1712 ला छापखाना येऊन तमिळ पुस्तकं निघायला लागली. नंतर 1842 ला गुंटूर, 1845 ला रांची. आपल्या सगळ्यात जवळचं एक केंद्र म्हणजे छिंदवाडा, तिथं स्वीडनचे लोक आले होते.

माझी जि.प. शाळा दोनशिक्षकी आहे, पट 23. छोट्या शाळा मिळून एक समूह शाळा करणार असं ऐकल्यापासून पोटात गोळा आहे. तुमच्या नातीची शाळा किती मोठी? अमेरिकेत एवढी छोटी शाळा चालू देतेत का?
*– एक शिक्षिका, जिंतूर तालुका*

बाई गं, तुझ्या प्रश्नासाठीच हे सदर घेतलं म्हण ना. केजी ते आठवी मिळून 41 लेकरं आणि शिक्षक तीन. आपण ज्याला बहुवर्ग अध्यापन म्हणतो आणि तपासणीला साहेब आले की जे लपवावं वाटतं ना, तेच तिथं उघड उघड चालतं आणि त्याची कुणाला लाजही नाही. तिसरी-चौथी-पाचवी एका खोलीत. मी एक दिवस मागच्या बाकावर बसून बघितलं, बाई पाचवीला अपूर्णांक शिकवत होत्या आणि चौथीतली एक पोरगी तिसरीतल्या पोराचं वाचन ऐकत होती, बोट ठेवून ठेवून, चुकलं की त्याच्या कोपराला हळूच ढोसायची. मी 31 वर्ष शिकवलं, हे असंच करत होते, फक्त त्याला नाव होतं हे रिटायर झाल्यावर कळलं.

आणि हेडमास्तर म्हणजे केबिनमधे बसणारा माणूस नाही. सहावी-सातवी-आठवी त्यांच्याकडंच, वरून सकाळी सव्वासातला टोपी-बिपी घालून पायऱ्यांवर जाडं मीठ फेकत असतेत, बर्फ वितळावा म्हणून. मला आधी वाटलं शिपाई आहे. मी त्यांना आतून माझी पिशवी आणायला सांगितली, त्यांनी गुपचूप आणून दिली! संध्याकाळी लेकीनं सांगितलं तेव्हा मेल्याहून मेल्यासारखं झालं.

छोटी शाळा चालू देतेत का म्हणशील तर ती सरकारची नाहीच, त्यामुळं बंद पडायची भीती वेगळी. पट कमी झाला की फी कमी, की चर्चच्या मीटिंगमधे सगळ्यांची तोंडं उतरलेली. तुझ्या आणि त्यांच्या पोटातला गोळा एकच आहे गं.

बर्फ पडल्यावर शाळेला सुट्टी असते का? आमच्याकडं 10 डिग्रीला पोरं शेकोटी सोडत नाहीत.
*– आठवी ब चे विद्यार्थी, देगलूर*

फार बर्फ किंवा वादळ झालं तर असते, त्याला स्नो डे म्हणतेत. पहाटे साडेपाचला आईबापाच्या फोनवर मेसेज येतो आणि लेकरं जागीच असतेत, बेत आदल्या रात्रीच झालेला असतो. नातीनं पायजमा उलटा घालून झोपायचं ठरवलं होतं, असं केलं की दुसऱ्या दिवशी सुट्टी पडते म्हणे. मी तिला सांगितलं आमच्याकडं पाऊस पडावा म्हणून बेडकाची धोंडी काढतेत. तिला ते फार पटलं.

साधा बर्फ असला तर मात्र शाळा भरते. मधल्या सुट्टीत बाहेर काढायचं का नाही हे थर्मामीटरवर ठरतं, शून्य फॅरेनहाइट म्हणजे आपल्या हिशोबात उणे 18 च्या खाली गेलं की आतच बसून बैठे खेळ. त्याच्या वर असलं तर बाहेर! उणे 12 मधे घसरगुंडी! आणि बाहेर जायची तयारीच पंधरा मिनिटं, बर्फाची विजार, बूट, कोट, टोपी, हातमोजे, आणि सगळं चढवून झालं की हमखास एकाला लघवीला लागते. कॉरिडॉरमधे 41 जोड्या बूट ओळीनं, खाली पाण्याचं थारोळं, हिटरवर हातमोजे वाळत घातलेले, आणि त्या ओल्या लोकरीचा वास... पावसाळ्यात आपल्या वर्गात ओल्या घोंगड्याचा यायचा, अगदी तसाच. मला घर आठवलं.

मुलगा मिशनरी शाळेत दुसरीला आहे. नाताळच्या नाटकात त्याला मेंढपाळ केलंय. सासूबाई म्हणतेत आपल्याला हे चालणार नाही, मुलगा रडतोय. काय करू?
*– एक आई, लातूर*

आधी कायद्याचं सांगते म्हणजे मन मोकळं होईल. संविधानाच्या अनुच्छेद 28 प्रमाणे सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या शाळेत धार्मिक शिक्षण किंवा उपासनेला कुणाला जबरदस्तीनं बसवता येत नाही, मूल लहान असेल तर पालकांची संमती लागते. म्हणजे दोरी तुमच्या हातात आहे. नको असेल तर नको म्हणा, शाळेनं तोंड वाकडं करायचं कारण नाही.

पण माझं मत विचारलंत तर करू द्या. नातीच्या वर्गात आम्ही एकटेच हिंदू, ती पण मेंढपाळच झाली होती. तिथं मेंढपाळ कसा करतेत माहितीय का, बापाचा आंघोळीनंतरचा गाऊन आणि डोक्यावर किचनमधलं टॉवेल, कमरेला दोरी. मला बघवेना. मी म्हणलं अगं ह्याला मेंढपाळ म्हणतेत होय? मग माझ्या बॅगेतलं घोंगडं काढलं, आमच्या गावच्या धनगराकडून घेतलेलं, थंडीसाठी नेलं होतं, ते तिच्या खांद्यावर टाकलं, काठी दिली, आणि मेंढ्यांना हाकायचा आवाज शिकवला. हुर्रर्र म्हणत पोरगी स्टेजवर गेली आणि मेंढ्या झालेली केजीची चारही लेकरं खरंच पळाली, एक तर थेट आईच्या मांडीवर. देवदूताला थांबावं लागलं.

सासूबाईंना सांगा बाळ येशूच्या पाळण्याजवळ पहिल्यांदा पोचले ते राजे नव्हते, रात्री रानात मेंढरं राखणारे होते, असं त्या गोष्टीतच आहे. आणि घोंगडं त्यांच्याकडूनच मागून घ्या. ज्याचं घोंगडं स्टेजवर जातं तो माणूस पहिल्या रांगेत बसतो, हा माझा अनुभव.

विज्ञान प्रदर्शनात मुलीला नाताळचा कागदी तारा करायचाय, त्यामागं काही माहिती आहे का?
*– पालक, अंबाजोगाई*

आहे आणि ती प्रदर्शनाला शोभणारीच आहे. टोकंटोकं असलेला तो तारा जर्मनीत एका मोरावियन शाळेत जन्मला, मोरावियन म्हणजे ल्यूथरनांचे भाऊबंद समजा. 19व्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं गणिताच्या तासाला भूमिती समजावी म्हणून पोरांकडून कागदाचे पिरॅमिड करून घ्यायचे आणि ते मधल्या एका ठोकळ्यावर बसवायचे. तळ चौकोनी असलेले काही, त्रिकोणी असलेले काही. मुलीला म्हणा चौकोनी 18 पैकी 17 आणि त्रिकोणी 8 कर, एक चौकोनी जागा वायर आणि बल्बसाठी मोकळी सोड. झाली 25 टोकं. धर्माचं बोर्डावर लिहायचं नसेल तर नका लिहू, मापं लिहा.

चार मेणबत्त्यांची हिरवी रिंग पण असते तिथं, नाताळच्या आधीच्या चार रविवारांसाठी. ती हॅम्बुर्गच्या विखेर्न नावाच्या ल्यूथरन पाळकांची, 1839 ची. अनाथ लेकरं रोज विचारायची नाताळ कधी, नाताळ कधी, तर त्यांनी लाकडी चाक टांगून त्यावर रोजची छोटी आणि रविवारची मोठी मेणबत्ती लावायला सुरुवात केली. म्हणजे कॅलेंडरच की ते.

नाताळ झाल्यावर पुढं काय? संक्रांत केली का तिथं?
*– एक मैत्रीण, परभणी*

करायला गेले आणि तोंडावर पडले. शंभर लेकरांना पुरेल एवढे तिळाचे लाडू केले, 41 च होती पण आपला हात आवरत नाही. शाळेच्या दारातच बाईंनी डबा बघितला, पहिला प्रश्न, ह्यात शेंगदाणे आहेत का? आहेत म्हणलं. दोन लेकरांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, डबा आत येणार नाही. दुसऱ्या दिवशी नुसत्या तिळाचे केले, तर कळलं तीळ पण यादीत आहे, 2023 पासून तिथं पाकिटावर तीळ अ‍ॅलर्जीचा पदार्थ म्हणून लिहावंच लागतं. आता संक्रांतीतून तीळ काढला तर राहतं काय? शेवटी नुसतं वाक्य शिकवून आले, 41 लेकरं आणि तीन शिक्षक मिळून "गोड गोड बोला", ते पण "गोद गोद". लाडू जावयानं ऑफिसात नेले.

पुढं जानेवारीच्या शेवटी ल्यूथरन शाळांचा सप्ताह असतो. एक दिवस पायजम्यात या, एक दिवस उलटे कपडे घालून या, एक दिवस आजी-आजोबांना आणा. मला खरं सांगू का, हे रोज रोज नटणं जरा अतिच वाटलं, आईबापाची निम्मी शक्ती कपाटात जाते. पण त्याच आठवड्यात लेकरांनी टोप्या-हातमोजे गोळा करून गावातल्या गरजूंना दिले, ते आवडलं. फेब्रुवारीत शाळेचा शंभरावा दिवस, घरून कुठलीही शंभर वस्तू मोजून आणायची. शेंगदाणे बाद झालेलेच होते, नातीनं साबुदाणे नेले. मोती समजून एकीनं दोन खिशात घातले, म्हणून 98 भरले.

शाळेला अनुदान आहे का? का टप्प्याटप्प्यानं मिळणारं टप्पा अनुदान?
*– विनाअनुदानित शिक्षक, भोकरदन*

सर, तुमचा प्रश्न वाचून हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. थेट पगाराचं अनुदान नाही. फी, चर्चचा पैसा आणि देणग्या. विस्कॉन्सिनमधे व्हाउचर नावाची सोय आहे, कमी उत्पन्नाच्या घरातल्या लेकराची फी सरकार भरतं, मिलवॉकी शहरात 1990 ला सुरू झालं आणि 1998 ला तिथल्या कोर्टानं धार्मिक शाळांनाही चालेल म्हणलं. त्यावरून तिकडं अजून भांडणं चालू असतेत. ह्या शाळेतली काही लेकरं त्यातून येतेत. पगार सरकारी शाळेपेक्षा कमी, हे हेडमास्तरांनी स्वतः सांगितलं, मीठ फेकता फेकता.

बाकीचं चिल्ली सपरवर. चिल्ली म्हणजे मिरची नाही, राजमा आणि खिम्याचं पातळ कालवण, आणि तिखट शून्य! बाया घरून मोठाली पातेली आणतेत, गावातले लोक पैसे देऊन जेवतेत, त्यातून प्रोजेक्टर येतो. तुमच्याकडं कुणी करणार असेल तर हुरडा पार्टी ठेवा, नाहीतर येळवशीला लातूरकडं रानात जसं सगळं गाव भज्जी-आंबिलीला बसतं तसं शाळेच्या आवारात बसवा. पगाराचा प्रश्न त्यानं सुटणार नाही सर, पण पत्रा नीट होतो.

थंडीत तुम्ही काय घालत होता?
*– एक आजी, जालना*

साडीच. साडीखाली दोन लेगिंग, वर दोन स्वेटर, त्यावर जावयाचा कोट, तो माझ्या घोट्यापर्यंत यायचा. बूट नातीच्या बाईंनी दिले, त्यांच्या आईचे. ते अजून माझ्याकडंच आहेत, कपाटावर, लेक यायची आहे तेव्हा परत पाठवते.