कळलावीचा कंद दरवर्षी सडतो, सावलीमुळे का?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही गडचिरोलीकडचे. सांदवाडीत म्हणजे घरामागच्या परसात मोठा कडुनिंब आहे, सकाळी ऊन येतं मग दिवसभर सावलीच. तिथं दोनदा जंगलातली कळलावी आणून लावली, पण ऐन पावसात कंद सडूनच जातो. सावली जास्त होते का? घरी नातवंडं अन् बकऱ्या आहेत, तर लावावी की नाही तेही सांगा.

उत्तर: सावलीला कशाला दोष देता, ती तर झुडपाच्या आडोशानंच वाढते, बुडाशी सावली आणि शेंड्याला थोडं ऊन मिळालं की खुश. घात करते आपली काळी माती, झडीत पाणी धरून बसते अन् कंद गेला. म्हणून वाफा वीतभर उंच करा, मातीत निम्मी रेती-मुरूम आणि थोडं कुजलेलं शेणखत घाला.

कंद इंग्रजी व्ही सारखा असतो बघा, त्याला कोंब फक्त टोकाला असतो आणि ते टोक काचेसारखं मोडतं, मोडलं की तो कंद गेलाच समजा. मिरगाच्या आधी चार बोटं खोल आडवा ठेवा. आधाराला जाड बांबू नको, कारण तिच्या पानाचंच टोक दोऱ्यासारखं वळून काडीला पकडतं, त्याला बारीक पाहिजे, आपल्या तुराट्या-पऱ्हाट्या एकदम बेस्ट. फूल आधी हिरवट-पिवळं, मग खालून पिवळं वरून लाल, शेवटी सगळंच लालभडक! पावसाळ्यानंतर वेल वाळते, ती मेली नाही, झोपली आहे, तेव्हा पाणी बंद करा, पाणी घालत राहिलात तरी कंद सडतो.

आणि हो, जंगलातून कंद खणून आणू नका, राखीव जंगलात तो गुन्हा आहे. नर्सरीत विचारा, तामिळनाडूत बियांसाठी हिची शेतीच होते. बियांपासूनही येते पण फुलाला तीनेक वर्षं थांबावं लागतं.

नातवंडांचं मात्र खरंच बघा. सगळी वेल विषारी, कंद सर्वात जास्त, त्यात कोल्चिसिन नावाचं विष असतं, शिजवूनही जात नाही आणि रताळं समजून खाल्लेल्यांचे जीव गेलेत. हात लावताना ग्लोव्हज घाला, बकऱ्या पोचणार नाहीत असं कुंपण करा. पोटात गेलंच तर घरगुती उपाय करत बसू नका, उलटी-जुलाबाची वाट न बघता सरळ दवाखाना गाठा. पोरं अजून काहीही तोंडात घालायच्या वयाची असतील तर दोन-तीन वर्षं थांबा, तोवर तिथं तेरडा लावा, तो त्या सावलीत मस्त फुलतो.